पेटीवरचं गाव

८ मार्च, रविवार

पोचलो एकदाचे. आठ काळ्या पेट्या, दोन पलंग, फ्रिज, श्रुतिकाची सायकल, सगळं धड आलं. जव्हारच्या घाटात फक्त लोणच्याच्या बरणीचं झाकण सुटलं आणि तेल माझ्या एम.ए.च्या सर्टिफिकेटवर सांडलं. श्रुतिका म्हणाली, आई, त्या कागदाला पहिल्यांदाच चव आली. पंधरा वर्षांची आहे, जीभ मात्र थेट माझ्या सासूबाईंची.

घर डहाणूला मसोलीत, चिकूच्या वाडीच्या कडेला. खाली आम्ही, वर मालकीण सुनंदाताई. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झाल्यात. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की आतापर्यंत दोन बँकवाले आणि एक तलाठी राहून गेले, मिलिटरी पहिल्यांदाच. तेव्हा पहाटे पाचला परेड करणार असाल तर आत्ताच बोला, मी कापूस घालून झोपेन. ओटीवर झोपाळा आहे. एकोणीस वर्षांच्या संसारात सात सरकारी क्वार्टर झाली, झोपाळा एकातही नव्हता. मी हातपाय न धुताच त्यावर बसले आणि श्रुतिकाने ढकललं.

नवी वही आहे म्हणून सगळं नीट लिहिते. हे, म्हणजे नायब सुभेदार दशरथ, सव्वीस वर्षं फौजेत आहेत. मूळ गाव तलासरीकडचं. आईवडील गेले, तिथलं घर उरलं नाही. निवृत्तीनंतर डहाणूत राहायचं हे लग्नातच ठरलं होतं. निवृत्तीचे कागद डिसेंबरात वर गेले. मग उत्तरेकडचं वातावरण बिघडलं, पलटण पुढे हलली आणि कागद कुठेतरी थांबले. आता ऑर्डर येईल ती दोहोंपैकी एक असेल: घरी जा, नाहीतर अजून पुढे जा. कुठली आणि कधी, कोणालाच माहीत नाही. देवळालीचं क्वार्टर रिकामं करण्याचं पत्र तेवढं वेळेवर आलं.

घरसामानाच्या सात पेट्यांवर मी पांढऱ्या रंगाने डहाणू लिहिलं. आठवी ह्यांची स्वतःची. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव, फ्रॉम देवळाली, टू, आणि पुढे कोरं. माणसाच्या स्वतःच्या पेटीवर पुढचं गाव ऑर्डर हातात आल्याशिवाय लिहायचं नसतं. लग्नानंतरच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये शेजारच्या सुभेदारणीने मला हे बजावलं होतं. मी हसले तेव्हा ती म्हणाली होती, हसू नकोस बेटा, नाव माणसाच्या आधी पोचतं. फौजेतल्या सगळ्या बायका हे पाळतात. मीही पाळत आले, विश्वास नसताना.

टेम्पोवाला रोशन रोज वापीला माल नेतो. ती पेटी उतरवताना म्हणाला, ताई, अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ही दिसली असती तर बाजूला घेतली असती. जायचं कुठे ते पेटीलाच माहीत नाही म्हणजे माल संशयित.

हसलो सगळे. रात्री खिचडी केली. छान वाटतंय इथे.

११ मार्च, बुधवार

ह्यांचा फोन आला. ऑर्डर नाही. श्रुतिकाने विचारलं, माझ्या निकालाला याल ना. हे म्हणाले, बघू. तिने फोन माझ्याकडे दिला आणि झोपाळ्याच्या कड्या पुसत बसली. कड्या स्वच्छच होत्या.

नंतर मी जे केलं ते जसंच्या तसं लिहायला हवं.

दारावरच्या पाटीसाठी पांढरा रंग आणला होता. पाटी झाली, ब्रशला रंग उरला. मी आत गेले, ह्यांच्या पेटीपुढे बसले आणि कोऱ्या जागी डहाणू लिहिलं. भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर. श्रुतिकासाठी लिहिलं असं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. ‘बघू’ हा शब्द मी एकोणीस वर्षं ऐकतेय. त्याचा कंटाळा आला होता. माझ्यासाठी लिहिलं.

अक्षर चांगलं आलंय.

१५ मार्च, रविवार

जिवली वाडीत चिकू वेचायला येते आणि आमची भांडी घासते. आज घासता घासता म्हणाली, बाय, दादला आला तं सांगायचं नाय का? लपवून ठेवलास, कोण पळवून न्यायचा त्याला या वयात? मी म्हटलं, कोणाचा दादला? म्हणाली, तुझाच की, माझा असता तर मी इथे भांडी घासली असती? काल दुपारी विहिरीजवळ उभा होता, पंपाकडे बघत. उंच, केस बारीक कापलेले, उजव्या भुवईत खोक.

ह्यांच्या भुवईत खोक आहे. पण हॉलमध्ये आमचा फोटो लावलेला आहे आणि जिवली रोज त्याच्याखालून जाते. माणूस पाहिलेलं आणि फोटोत पाहिलेलं एकत्र करतो. मी तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, हाच. मी सांगितलं, हे दोन हजार किलोमीटर लांब आहेत. ती हसायची थांबली आणि भांडी उपडी घालून लवकर गेली.

तिला उगीच ओशाळं केलं. उद्या गोड बोलायला हवं.

१७ मार्च, मंगळवार

सुनंदाताई खाली आल्या त्या तक्रार घेऊन येतील असं वाटलं. उलट आभार मानायला आल्या. साहेबांनी त्यांची कपड्यांची दोरी घट्ट बांधून दिली. फार शांत हो तुमचे साहेब, म्हणाल्या. चाळीस वर्षं मी खिडकीमागून पुरुष पाहिले, सुट्ट्या पैशांवरून न भांडणारा एक असेल तर हाच. कधी आलात विचारलं तर म्हणाले, मी इथेच असतो.

मी गच्चीवर जाऊन दोरी पाहिली. गाठ ह्यांची आहे. होल्डॉल बांधताना मारतात ती.

कोणीतरी घरात शिरतं आहे असं धरून सगळ्या खिडक्या, कड्या, मागचं दार तपासलं. मग ह्यांना फोन लावला. लागला, ह्यांनीच उचलला, मागे वारा ऐकू येत होता. म्हणजे हे तिथेच आहेत. काय सांगायचं, की तुम्ही इथे दोरी बांधलीत?

ह्यांनीच एक गंमत सांगितली. सकाळच्या हजेरीत ह्यांचं नाव घेतलंच नाही. कारकून नवा आहे म्हणाले, आणि हसले.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

उठले तर गुढी उभी होती. काठी नव्या साडीसकट ओटीच्या वरच्या आढ्याला बांधलेली. माझा हात तिथपर्यंत पोचत नाही, श्रुतिकाचाही नाही. ती न्हाऊन झोपाळ्यावर बसली होती, एका टोकाला. दुसऱ्या टोकाला जागा सोडून. मी विचारलं, गुढी कोणी बांधली. म्हणाली, बाबांनी, आणखी कोण?

तिला दटावलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, काळजी होती. मला म्हणाली, आई, तुला बरं वाटत नाहीये का? आठ दिवस झाले, तू बाबांशी एक शब्द बोलली नाहीस.

आठ दिवस. मी बोटांवर मोजलं. अकरा तारीख.

झोपाळा हलत होता. एकटी मुलगी एका टोकाला बसली तर झोपाळा वाकडा होतो. तो सरळ होता.

२१ मार्च, शनिवार

तलासरीला एका शाळेत मुलाखत होती, कंत्राटी शिक्षिकेची. एसटीने गेले. कंडक्टर म्हणाला, ताई, तुमचं अर्धं, साहेबांचं पूर्ण. मिलिटरीवाले सगळीकडे हिरो, एसटीत प्रवासी. पुढचे दोघे हसले. मी शेजारी पाहिलं. खिडकीची जागा रिकामी. माझी पर्सही तिथे नव्हती. बस भरलेली होती, एक म्हातारी उभी होती, दोन बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि त्या जागेवर कोणी बसत नव्हतं.

मी दोन्ही तिकिटं घेतली. का घेतली? लोकांत वेडी ठरायला नको म्हणून, असं तेव्हा वाटलं.

मुलाखत कशी झाली आठवत नाही. परतीच्या बसमध्येही तसंच. आणि इथे मला खोटं लिहिता येणार नाही: तलासरीपासून डहाणूपर्यंत मी त्या रिकाम्या जागेकडे थोडी सरकून बसले होते.

सगळ्यांना दिसतात. मलाच का दिसत नाहीत?

२४ मार्च, मंगळवार

ह्यांचा फोन. आवाज लांबून येतो. हजेरीत आठवडाभर नाव नाही. ह्यांनी कारकुनाला जाऊन विचारलं, तो मान वर न करता लिहीत राहिला. मनिष म्हणून ह्यांचा दोस्त आहे, बारा वर्षं एका तंबूत झोपलेले दोघे; त्याने ह्यांच्या खाटेवर स्वतःचं सामान ठेवलं. हे म्हणाले, अगं, कीर्ती, मी त्याला शिवी घातली, तर तो शीळ घालत निघून गेला. थट्टा करतायत सगळे मिळून, अजून काय. पण आवाजात हसू नव्हतं.

मी घाईने फोन श्रुतिकाला दिला. तिने कानाला लावला, ऐकलं, परत दिला. आई, फोनवर कोणीच नाहीये, म्हणाली. मी कानाला लावला. हे तिकडून हाका मारत होते. श्रुती, अगं श्रुती, बोल ना बाळा.

मी सांगितलं, बाबा आहेत, हाक मारतायत. तिने माझ्या खांद्यावरून ओटीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, बाबा तर तिथे चिकू सोलतायत.

ह्यांनी हे ऐकलं. म्हणाले, कीर्ती, तिथे कोण आहे?

मी पेटीचं सांगितलं. सगळं. हे रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, डहाणू लिहिलंस? मग, छान लिहिलं असशील, तुझं अक्षर चांगलं आहे.

२७ मार्च, शुक्रवार

कळलं ते लिहून ठेवते. फौजेत माणसाचं नाव एका पटावरून उतरतं तेव्हाच दुसऱ्यावर चढतं. एका वेळी दोन ठिकाणी नसतं. मी नाव इथे चढवलं. हे तिथेच राहिले आहेत, पण नावाशिवाय. आणि इथे नाव आलं आहे. त्याच्याबरोबर जे आलं ते—

त्याला माझी मुलगी बाबा म्हणते.

आज ती भाजी निवडताना सांगत होती की आठव्या वाढदिवसाला बाबांनी स्वतः केक केला होता आणि मध्यभागी खड्डा पडला होता. खोटं. आठव्या वाढदिवसाला हे बर्फात होते. केक शेजारणीने आणला होता आणि ही दारात बसून राहिली होती, केक वितळेपर्यंत. मी विसरलेले नाही. ती विसरली आहे. तिला आता प्रत्येक वाढदिवसाला बाबा आठवतात. पहिली सायकल, पडलेला दात, शाळेचं स्नेहसंमेलन. सांगताना चेहरा असा फुलतो. म्हणाली, बाबा म्हणतात, मी कधी गेलोच नव्हतो.

मी भाजी घेऊन आत गेले आणि नळ सोडून रडले.

३० मार्च, सोमवार

टर्पेंटाइन आणलं. फडकं भिजवून पेटीपुढे बसले. अर्धा तास.

पुसलं तर कोण जाईल? जो ओटीवर आहे तो, की जो तिथे आहे तो? नाव इथून उतरलं आणि तिथे चढलंच नाही तर? आणि चढलं, आणि मग पुढे जायची ऑर्डर आली तर?

श्रुतिका मागे उभी होती. केव्हापासून माहीत नाही. म्हणाली, आई, काय करतेस, बाबांना तो वास सहन होत नाही, बघ कसे बसलेत डोकं धरून. मग रडायलाच लागली. लहानपणी हे निघायचे तेव्हा रडायची तशी. तोच सूर.

फडकं खाली ठेवलं.

भीती वाटते म्हणून नाही. तिच्यासाठी. हे खरं आहे का? तपासून पाहिलं. अर्धं खरं आहे.

३१ मार्च, मंगळवार

ऑर्डर आली. घरी जायची.

ह्यांनी फोन केला. कोणी सांगितलं नाही, ह्यांनी टेबलावर पडलेली वाचली. दशरथ, सेवानिवृत्त, डहाणू. रवानगीच्या रजिस्टरात नोंदही झालेली. अकरा मार्चला रवाना.

वीस दिवस. मी फक्त वीस दिवस थांबायला हवं होतं.

हे म्हणाले, निघतो. गेटवर कोणी अडवणार नाही. तू असशील ना घरी? तुला मी ऐकू येतोय ना?

म्हटलं, ऐकू येताय. या.

२ एप्रिल, गुरुवार

विवळवेढ्याची जत्रा आजपासून. सगळ्या रिक्षा तिकडे. हे स्टेशनवरून चालत आले. म्हणाले, रिक्षा थांबत होत्या, दुसऱ्यांसाठी. गाडीतही ह्यांच्या जागेवर लोक येऊन बसत राहिले. दोन दिवस दाराजवळ उभे होते.

दिसले मला. दारात. मला एकटीला. पाठीवर सॅक, ओठ फुटलेले, गुडघा धरून उभे. माझे. एकोणीस वर्षांपूर्वी आले होते तसेच दमलेले.

जिवली अंगण झाडत होती. ह्यांच्या बुटांवरून झाडू गेला. सुनंदाताई वरून ओरडल्या, कीर्ती, दार उघडं टाकून कोणाची वाट बघतेस, माश्या येतायत.

श्रुतिका आतून आली. ह्यांनी हात पुढे केला. तिच्या डोक्यावर ठेवायला. ती आमच्या मधून गेली, झोपाळ्यावर बसली, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून काहीतरी बोलली आणि हसली. मोठ्याने.

हे झोपाळ्याकडे बघत राहिले. ह्यांना दिसतो तो. मी विचारलं, कसा आहे.

म्हणाले, माझ्यापेक्षा बरा आहे. दमलेला नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

म्हटलं, आत्ता पुसते. ह्यांनी हात धरला माझा. हात आहे अजून, गरम आहे. म्हणाले, कोण जाईल ते तुला माहीत नाही. आणि ती हसते ते ऐक. मी तिला असं कधी हसवलं नाही.

हे रात्रभर पलंगाच्या कडेला बसून होते. झोपा म्हटलं. म्हणाले, तिथे तो झोपलाय—

सकाळपासून सॅक पाठीवर. कुठे निघालात? तिथे नाव नाही. इथे—

म्हणाले, माझ्यासाठी आता कुठलीच ऑर्डर उरली नाही, असती तर तिथे गेलो असतो.

आवाज कमी झालाय. वाचता येतो ओठांवरून. म्हणून शेजारी बसून लिहितेय, नजर न हलवता. हलवली तर मलाही दिसायचे नाहीत—

श्रुतिका जेवायला हाक मारतेय. ताटं तीन मांडलीत तिने. मी म्हटलं, चौथं घे. म्हणाली, कोणासाठी, आई?

हे उठले. दाराकडे. मी पदर धरावा तसा सॅकचा पट्टा धरलाय, एका हाताने लिहितेय. म्हटलं, जाऊ नका, उपाशी जाऊ नका, तिला दिसत नसलं तरी मला— तुम्ही माझ्याच ताटात—